उमरपाणीची चावी

जीप थांबली ती थांबलीच. पुढं रस्त्यावरून ओढा वाहत होता, गढूळ, दुधाच्या चहासारखा. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि मागं वळून आमच्याकडं असं बघितलं, की मी सकाळीच सांगितलं होतं. नेरकर सर लगेच म्हणाले, "मॅडम, इथूनच परत फिरू या. उमरपाणी अजून लांब आहे आणि सगळा चढ आहे."

धारप मॅडम तोवर खाली उतरल्यासुद्धा होत्या. साठीच्या बाई, केस पांढरे, अंगानं काटकुळ्या. त्यांनी चपला हातात घेतल्या, साडी वर खोचली आणि म्हणाल्या, "पाणी घोट्याएवढं तर आहे, नेरकर. तुम्ही बसा हवं तर. ही येईल माझ्याबरोबर." ही म्हणजे मी. मग काय, सरही उतरले. पाहुण्या बाई चिखलातून चालतायत आणि आपण जीपमध्ये बसलोय, हे त्यांच्याच्यानं होणारं नव्हतं.

त्या वेळी मी सरकारच्या मूल्यमापन कक्षात कंत्राटी नोकरीला होते. सुलभा डोईफोडे, संशोधन सहायक. सरकार योजना काढतं, पुढं तिचं काय झालं, ज्याच्यासाठी काढली त्याच्या पदरात काही पडलं का, हे जाऊन बघायचं आणि खरं ते लिहायचं, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. ज्या खात्याची योजना त्याच खात्याची गाडी, त्याच खात्याचा चहा, आणि अहवालात नापास करायचं तेही त्याच खात्याला. नेरकर सर कुणाचा चहा घेत नसत. स्वतःचा थर्मास घेऊन फिरत. एका टेबलावरून त्यांनी हा कक्ष उभा केला होता आणि पुराव्याशिवाय एक ओळ लिहायची नाही हा त्यांचा दंडक होता. मी नवीन असताना एकदा ‘लोक समाधानी दिसले’ असं लिहिलं, तर त्यांनी मला बोलावून घेतलं. कुणाला दिसले, म्हणाले, तुम्हाला? तुमच्या चष्म्याचा नंबर बदललाय डोईफोडे, आधी तो बदलून आणा. मला राग आला होता, पण तेव्हापासून मी तसं वाक्य परत लिहिलं नाही.

आणि आता आम्हालाच तपासायला दिल्लीहून समिती आली होती. आजवर आम्ही सगळ्यांना मार्क देत आलो, आता आमची परीक्षा. राज्याराज्यांत धोरणं तपासायची व्यवस्था आहे का, ती कुणाच्या दबावाखाली चालते का, तिच्या अहवालांचा काही उपयोग होतो का, कुठं ती लंगडी पडते आणि ती धड कशी करायची, हे सगळं ही समिती बघणार होती. धारप मॅडम तिच्या अध्यक्ष. त्यांनी बरं लिहिलं तर आमचा कक्ष कायमचा होणार होता आणि आम्ही कंत्राटी माणसंही कायम होणार होतो. नाही तर कक्ष दुसऱ्या खात्यात विलीन आणि आम्ही घरी. माझे वडील गेलेले, भाऊ शिकत होता, घर माझ्या पगारावर चालत होतं. तेव्हा त्या दौऱ्यात माझा जीव किती टांगणीला लागला होता ते वेगळं सांगायला नको.

उमरपाणी हे आमचं सगळ्यात उत्तम उदाहरण. सातपुड्याच्या त्या भागात नदीपलीकडच्या पाड्यांवरच्या गरोदर बायकांना बाळंतपणाच्या आधी येऊन राहता यावं म्हणून आरोग्य केंद्राशेजारी एक घर बांधलं होतं. ‘विसावा घर’ म्हणत त्याला. अशी घरं त्या पट्ट्यात आणखीही होती. मी नोकरीला लागण्याआधी सरांनी स्वतः जाऊन त्यांची पाहणी केली होती. सगळीकडं खाटा रिकाम्या, गाद्यांवर धूळ. उमरपाणीच्या सिस्टरनं सांगितलं होतं, की साहेब, पावसाळ्यात या, जागा पुरत नाही. सरांनी पुरावा मागितला. ती म्हणाली, पावसाळ्यात येऊन बघा, हाच पुरावा. आता पावसाळ्यात तिथं जाणार कोण? सरांनी अहवालात जे लिहिलं ते आम्हाला सगळ्यांना पाठ होतं, कारण नव्या माणसाला विचार कसा करावा हे शिकवताना तेच वाक्य दाखवलं जायचं: ‘पावसाळ्यात नदी भरल्यानंतर पलीकडील पाड्यांतून गरोदर स्त्रिया येथे पोहोचणे शक्य नाही; सबब पावसाळ्यात खाटा भरतात हा दावा ग्राह्य धरता येत नाही.’ सरकारनं अहवाल वाचला आणि घरं बंद केली. अहवाल वाचून सरकारनं काही केलं, हे आमच्या धंद्यात सहसा घडत नाही. म्हणून प्रेझेंटेशनमध्ये पहिलं नाव उमरपाणीचं होतं. धारप मॅडमनी त्याचा सारांश वाचला आणि म्हणाल्या, मग ही जागा मला बघायचीय. सरांनी रस्त्याचं सांगितलं, पावसाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, दिल्लीहून मला यायला हाच महिना मिळालाय, मी काय करू.

चढ चढून आम्ही वर आलो तेव्हा पाऊस थांबला होता. समोर आरोग्य केंद्र, बैठी इमारत, आणि शेजारी ते घर. दाराला कुलूप, कुलपाला गंज. खिडकीची काच फुटलेली होती, आतून खताच्या गोण्या दिसत होत्या. सरांनी वाकून आत बघितलं आणि त्यांच्या तोंडावर समाधान दिसलं. अहो, दिसलंच. बंद झालेली जागा दुसऱ्या कामाला लागली होती, म्हणजे निर्णय बरोबर होता.

मॅडम मात्र दुसरीकडंच बघत होत्या. आरोग्य केंद्राच्या ओसरीवर बायका बसल्या होत्या. एक नाही, दोन नाही, अख्खी ओसरी भरली होती. सगळ्यांना दिवस गेलेले, बऱ्याच जणींचे अगदी भरत आलेले. भिंतीला टेकून, गोधड्या पांघरून, कडेला तीन दगडांची चूल. वरच्या पत्र्यातून एका कोपऱ्यात पाणी ठिबकत होतं आणि तो कोपरा सोडून सगळ्या दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी सरांकडं बघितलं. त्यांच्या हातातला थर्मास तसाच होता आणि ते त्या बायकांकडं टक लावून बघत होते.

एक म्हातारी चुलीजवळून उठली. अंगानं बारीक पण चाल ताठ. ती सरळ सरांसमोर येऊन उभी राहिली. आमच्यात पँट-शर्टातले तेवढेच होते, तेव्हा साहेब तेच असणार हे ती धरून चालली.

"चावी आणली का तू?" तिनं विचारलं.

मग मीच पुढं झाले, तिला बसवलं, बोलतं केलं. नाव जामनीबाई. नदीपलीकडच्या पाड्यावरची. तिला मराठी येत होतं, पण आपल्या भाषेच्या सवयीनं ती सगळ्यांनाच ‘तू’ म्हणत होती. मी विचारलं, नदीला एवढं पाणी असताना तुम्ही आलात कशा? तिनं माझ्याकडं असं बघितलं, की ही शिकलेली पोरगी असं कसं विचारते.

"नदी भरल्यावर कोण येतं? आम्ही नदी भरायच्या आधी येतो. पेरणीआधी. नदी भरली की इथंच राहतो, पोर झालं की पाणी उतरल्यावर जातो."

एवढंच. इतकी साधी गोष्ट. ज्यांना पावसात बाळंत व्हायचं, त्या पाऊस पडायच्या आधीच येऊन बसत. नदी ओलांडायचा प्रश्नच नव्हता, कारण नदी ओलांडता येणार नाही म्हणूनच त्या आधी येत. घर होतं तेच त्यासाठी. आणि मग एरवी खाटा रिकाम्या का, असं मॅडमनी विचारलं. जामनीबाई म्हणाली, दिवाळी झाली की पाड्यावरची माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात. बायकाही जातात, पोट असलं तरी जातात. होळीला येतात. "तेव्हा इथं कोण बसणार? तेव्हा नदीत पाणीपण नसतं. झोळी करून आणता येतं."

मॅडमनी हळूच सरांना विचारलं, "तुम्ही पाहणी कधी केली होती?"

"मार्चमध्ये," सर म्हणाले.

जामनीबाई आपल्याच नादात सांगत होती. धाकटी सून तिच्याशेजारी बसली होती, सतरा-अठरा वर्षांची असेल, लाजून पदर तोंडात धरून. घर बंद आहे हे यंदा ठाऊक असूनसुद्धा तिनं सुनेला आणलं होतं. ओसरीवर का होईना, बसून राहायचं, पण परत जायचं नाही. मी विचारलं, असं का?

"मागच्या साली मोगीला घेऊन आले होते. थोरली सून. इथवर आलो तर कुलूप. ती म्हणाली, बाई, चला घरी, उघड्यावर कशाला झोपायचं. मी ऐकलं तिचं. परत गेलो. मग नदी भरली. पोर आडवं होतं. दोन दिवस नदीच्या काठावर बसलो झोळी घेऊन. पाणी उतरलं नाही."

ती रडली नाही. चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि पुन्हा सरांकडं बघून म्हणाली, "कुलूप तुझ्याच लोकांनी लावलं ना? मग चावी पण तुझ्याचकडं असंल."

सर म्हणाले, "माझ्याकडं नाही, बाई." त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. उतरताना ते माझ्यामागं राहिले होते. मी दोनदा थांबले, पण त्यांनी हातानंच पुढं जा म्हणून सांगितलं.

संध्याकाळी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात सर आणि मी बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सचिवांसमोर आणि समितीसमोर प्रेझेंटेशन. उमरपाणीची पहिली स्लाइड मीच तयार केली होती, हिरव्या अक्षरांत: ‘अहवालाची थेट अंमलबजावणी’. मी विचारलं, सर, ते काढून टाकू का? दुसरं उदाहरण पुढं घेऊ. मॅडमनी जे बघितलं ते बघितलं, पण अहवालातलं ते वाक्य त्यांनी वाचलेलं नाही, त्यांच्याकडं फक्त सारांश आहे. मला कक्ष वाचायला हवा होता. माझी नोकरी तर हवी होतीच, पण कक्षही हवा होता. असं काम करणारी दुसरी जागा सबंध सरकारात नव्हती हे मला कळत होतं, आणि ती अशी बुडावी हे सहन होत नव्हतं.

सर थर्मासचं झाकण उघडत होते, लावत होते.

"जामनीबाईनंही ते वाक्य वाचलेलं नाही, डोईफोडे," ते म्हणाले. "ती मला चावीवाला समजली. मी कुलूपवाला आहे हे तिला ठाऊक असतं, तर ती माझ्याशी बोललीसुद्धा नसती."

मग ते उठून आत गेले. मी स्लाइड काढली नाही आणि बदललीही नाही. त्यांनी काही सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात सचिव पुढच्या रांगेत, शेजारी मॅडम आणि समितीतले इतर. पडद्यावर हिरवी अक्षरं आली. सचिव खूश झाले, मॅडमकडं झुकून काहीतरी बोलले. सर उभे राहिले आणि त्यांनी आपलं ते प्रसिद्ध वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. आणि मग, सुरात काही फरक न करता, म्हणाले, "हे वाक्य मी लिहिलं आहे. ते चुकीचं आहे. गेल्या वर्षी त्या कुलपावरून परत गेलेली एक बाई नदीकाठी मेली. तिचं नाव मोगी होतं."

सचिवांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. सर बोलत राहिले. सिस्टरनं सांगितलं होतं ते पुराव्याविना होतं हे खरं, पण तिनं पुरावा कुठं मिळेल तेही सांगितलं होतं आणि मी तिथं गेलो नाही. जे मला बघता आलं नाही ते नाहीच, असं मी धरून चाललो. सचिवांनी मध्येच थांबवून म्हटलं, की नेरकर, हे तुम्ही आधी माझ्याशी बोलायला हवं होतं. सर म्हणाले, हो साहेब, हवं होतं, पण कालपर्यंत मलाच माहीत नव्हतं.

मॅडमनी एकच गोष्ट विचारली. आजवरच्या सगळ्या पाहण्या कोणत्या महिन्यांत झाल्या? सरांनी माझ्याकडं बघितलं. मी उभी राहिले. मी सांगितलं, सगळ्या जानेवारी ते मार्च. का? तर आमचं अनुदान डिसेंबरअखेर हातात पडतं आणि मार्चअखेर संपवावं लागतं. शाळा असो, पाणी असो, रोजगार असो, आम्ही ह्या राज्यातली प्रत्येक योजना फक्त हिवाळ्याच्या शेवटी बघितली होती. पावसाळा आमच्या कुठल्याच अहवालात नव्हता. हे बोलत असताना ते माझं मलाच पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

समितीचा अहवाल पुढच्या हिवाळ्यात आला. त्यात आमच्याबद्दल बरंही लिहिलं होतं, प्रामाणिक म्हटलं होतं. पण व्यवस्था म्हणून कच्ची. अनुदान वर्षाच्या सुरुवातीला द्यावं, एकच जागा निरनिराळ्या ऋतूंत बघावी, खालच्या माणसाचं म्हणणं फेटाळण्याआधी तपासावं, निर्णय झाल्यावर पुन्हा जाऊन बघावं, असं बरंच काही सुचवलं होतं. इतर काही राज्यांनी ते उचललं म्हणे. आमच्याकडं सचिवांनी फक्त ‘कच्ची’ एवढा शब्द उचलला. कक्ष विलीन झाला. माझं कंत्राट संपलं. सरांना सरकारी छपाईच्या खात्यात पाठवलं, तिथून ते काही महिन्यांतच मुदतीआधी निवृत्त झाले. जाण्याआधी त्यांनी एकच गोष्ट केली. उमरपाणीचा पुरवणी अहवाल लिहून आरोग्य खात्याला पाठवला आणि मग त्याच्यामागं हात धुवून लागले. उन्हाळ्यात आदेश निघाला: विसावा घरं प्रायोगिक तत्त्वावर पुन्हा सुरू करावीत.

मी तेव्हा नाशिकला एका संस्थेत लागले होते. एक दिवस सरांचा फोन आला. "डोईफोडे, आदेश निघालाय, पण चावी अजून तालुक्याच्या कचेरीतच आहे. पेरण्या जवळ आल्या. येता का?"

आम्ही एसटीनं गेलो. कचेरीतल्या कारकुनाला सर निवृत्त झाल्याचं ठाऊक नव्हतं. त्यानं आदेश बघितला, सही घेतली, चावी दिली आणि बजावलं, की साहेब, घर उघडून द्या आणि चावी संध्याकाळी इथंच जमा करा, तसा नियम आहे. सर म्हणाले, नियम मला ठाऊक आहे.

वर पोहोचलो तेव्हा बायका यायला लागल्या होत्या. जामनीबाई ओसरीवर होती, ह्या खेपेला जावेच्या सुनेला घेऊन. कडेवर एक गुटगुटीत पोर. धाकट्या सुनेचं पोर, गेल्या वर्षी ओसरीवर जन्मलेलं. मला फार बरं वाटलं ते बघून, डोळे भरून आले. सर तिच्यापुढं गेले आणि तळहातावर चावी धरून उभे राहिले.

"चावी आणली, बाई."

तिनं चावीकडं बघितलं. मग त्यांच्याकडं.

"उशीर केला तू."

"हो. उशीर केला."

कुलूप गंजलं होतं, तेल घालून, दगडानं ठोकून उघडावं लागलं. बायकांनी गोण्या बाहेर ओढल्या, झाडू मारला, खाटा मांडल्या. दुपार कलली. सरांनी चावीसाठी हात पुढं केला. जामनीबाईनं विचारलं, कुठं नेतो? सरांनी सांगितलं, तालुक्याला जमा करायचीय. तिनं चावी पदराच्या टोकात बांधली, गाठ दातानं आवळली आणि पदर कमरेला खोचला. "मागायला कुणी आलं तर माझ्याकडं पाठव," म्हणाली, आणि पोराला घेऊन आत गेली.

कचेरी बंद व्हायच्या आत पोहोचलो. कारकून टेबल आवरत होता. त्यानं हात पुढं केला आणि विचारलं, चावी?

सर म्हणाले, "हरवली."

कारकून वैतागला, तसं लिहून द्या म्हणाला. सरांनी खिशातलं पेन काढलं. पुराव्याशिवाय आयुष्यात एक ओळ न लिहिलेल्या त्या माणसानं स्वच्छ, टपोऱ्या अक्षरात लिहिलं, की चावी परतीच्या प्रवासात माझ्या हातून गहाळ झाली असून तिचा शोध लागणे शक्य नाही. मग एकदा वाचून बघितलं आणि खाली सही केली.